‘निष्काळजी’ सत्तारचाचा

अन्याय झाला तो सत्तारचाचा मिस्त्रींवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, अमरावतीत मोर्शी रोडवरच्या त्यांच्याच गॅरेजसमोर. पोलिसांच्या कागदावर लिहिलंय, ‘मिस्त्रीने निष्काळजीपणे गाडी उचलली.’ हे खोटं आहे. कसं, ते तुम्हाला कळायचं तर आधी चाचा कळायला हवेत.

गाडी कोणतीही असो, जॅक लावण्याआधी चाचा तिला बोटाच्या पेराने ठोकून पाहायचे, बाजारात टरबूज ठोकतात तसं. मग चाकांना बाभळीच्या पाचरी. विटा लावलेल्या त्यांना खपत नसत. ‘‘वीट काई सांगून फुटत नाई बाप्पा.’’ गाडी वर आली की खाली टेकूच्या लोखंडी घोड्या, वजन घोड्यांवर, आणि कमरेचा एक जोरदार धक्का. गाडी हलली नाही, तरच माणूस खाली. ‘‘जॅक उचलाले असते,’’ ते म्हणत, ‘‘भरवसा घोडीवर.’’

मी त्यांच्याकडे जायचो ते मी काढलेल्या कापूसभावाच्या पत्रकांचे गठ्ठे ठेवायला. एकदा त्यांनी एक पत्रक वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

‘‘काहून रे, इतके उद्गारचिन्ह? शिकवून राह्यला का भांडून राह्यला?’’

‘‘दोन्ही, चाचा.’’

‘‘मंग आधी शिकव. भांडाले लोकं आपोआप येतात.’’

लागोपाठच्या हंगामांत कापूस बुडाला आणि गावोगावचे ट्रॅक्टर त्यांच्या दारात यायचे थांबले. बिघडलेला ट्रॅक्टर लोक तसाच बांधावर उभा ठेवू लागले. त्याच दिवसांत जिनिंगवाल्या विजयबाबूंची गाडी आली. जुनी, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. मूळचा पत्रा गंजून गेलेला, म्हणून बाबूंनी पुण्याहून फायबरचे नवे भाग बसवून आणले होते. दारांखाली तर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेली रुंद झालर. चाचांनी ठोकलं आणि हसले. ‘‘वरून लोखंड, आतून पापड.’’

जॅक लावायच्या मूळ जागा त्या झालरीमागे झाकल्या गेल्या होत्या. चाचा दोन दिवस पाठीवर पडून होते. सांगाड्याचे जाड दांडे कुठून कुठे जातात ते शोधून त्यांनी तळहाताएवढ्या चार पिवळ्या खुणा केल्या. बाबूंचा ड्रायव्हर गजानन, त्याला खाली झोपवून दाखवल्या. ‘‘इथंच. मधात लाकडाचा ठोकळा. झालरीले जॅक नाई लावाचा. शेरवानी धरून नवरदेव उचलतो का बे?’’ गजानन पोट धरून हसला.

महिन्याभरानं गाडी नागपूरच्या प्रदर्शनाला जायची ठरली. पिवळे ठिपके गावठी दिसतात म्हणून विजयबाबूंनी खालून सगळीकडे काळा रंग मारून घेतला. चाचा इतकंच म्हणाले, ‘‘बाबूजी, ते रांगोळी नोती.’’

‘‘परत काढ ना मिस्त्री, प्रदर्शन झाल्यावर.’’

मी चाचांवर चिडलो. म्हणालो, काम सोडा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘मी सोडलं त थे दुसरा कोणी करन. त्याले ठोकून पाह्याची सवय असन का?’’

त्या सकाळी गाडी नागपूरला निघालेली होती आणि सायलेन्सर खडखडत होता. चाचा घोड्या आणायला आत आले. येताना बजावून आले, ‘‘मी येईस्तोर हात नाई लावाचा.’’ मी आत गठ्ठे सोडत होतो. बाबूंना घाई होती. ‘‘लाव रे जॅक, गजानन. नुसतं पाह्याचंच तर आहे.’’ काळ्या रंगात खुणा दिसेनात. गजाननने जॅक झालरीला लावला, गाडी वर घेतली आणि डोकं खाली घातलं. दोन हातांत दोन घोड्या घेऊन चाचा बाहेर आले, तेव्हा झालर तडकत होती. गजाननचा सदरा आत अडकलेला. चाचांनी घोड्या टाकल्या, खांदा आत घातला आणि त्याला बाहेर ढकललं. गजानन सुटला. गाडी चाचांच्या छातीवर बसली. दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या दिवशी, ते गेले.

हे मला गजाननने रडत रडत सांगितलं. ठाण्यात सांगायला तो तयार नाही. ‘‘माह्यं लग्न बाबूनं लावून देल्लं, भाऊ. कोन्या तोंडानं बोलू?’’ बाबूंनी जबाब दिला की जॅक मिस्त्रीनेच लावला. मी मोठा आवाज ऐकून बाहेर धावलो. चाचा घोड्या न्यायला आत आले होते हे मी सांगितलं, पण जॅक लावताना मी पाहिलं नाही, म्हणून माझा जबाब कामाचा नाही. चाचींनी मला एकच सांगितलंय. ‘‘मले दुसरं काई नको, बेटा. तेवढा शब्द काढून आण.’’

समोर वरूडची बस उभी होती. पानटपरीवर माणसं होती. चाचा आत होते आणि जॅक बाहेर लागला, हे त्यातल्या कोणीतरी पाहिलंय. ते तुम्ही असाल, तर उद्या सकाळी ठाण्यात चला आणि पाहिलं तेवढंच सांगा. तुम्ही नसाल, तर त्या बसमध्ये तुमच्या ओळखीचं कोण होतं, ते आज घरी गेल्यावर विचारा. आणि त्याला घेऊन या.