रविवारी पाहिलेलं विद्यापीठ

नाव हरणाबाई, पण बाई चिडली की तामलवाडीतली कुत्रीसुद्धा वाट सोडून चालत. नवरा धुळाप्पा मेंढरं राखणारा, सरळ माणूस. त्याचा धाकटा भाऊ कोंडीराम तुळजापुरात नोकरीला, चार बुकं शिकलेला. त्यामुळे घरात शेवटचा शब्द आपलाच, असा त्याचा समज होता.

हरणाबाईची पोरगी प्रतीक्षा रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली आणि एमएस्सीला तिचं नाव दोन ठिकाणी लागलं, संभाजीनगरला आणि सोलापूरला. त्याच आठवड्यात एक धरायचं होतं. संभाजीनगरचं विद्यापीठ जुनं, नावाजलेलं, आवार डोंगराच्या पायथ्याशी पसरलेलं. सोलापूरचं विद्यापीठ वयानं लहान, पण घरापासून जवळ. पोरगी मोबाइलवर दोन्हीकडचे फोटो बघे, तिथं शिकणाऱ्या पोरींना विचारी, आणि तिचं काही ठरेना. पण तिला विचारतंय कोण? कोंडीराम म्हणाला, "आमी जाऊन बघून येतो." स्थळ बघायला जावं तसे दोघे भाऊ धुतलेले कपडे घालून विद्यापीठ बघायला गेले. जिला शिकायचं होतं ती घरी कोकरांना पाला टाकत बसली.

संध्याकाळी दोघे पान खाऊन, तोंडं रंगवून आले. कोंडीराम बाजेवर टेकला. "सोलापूरच. ठरलं. जागा मोकळी, गेट दांडगं, हायवेला लागून. आन् ऱ्हायला सिद्धम्माचं घर हायेच." सिद्धम्मा ही या दोघांची बहीण, सोलापुरात दिलेली.

"आन् संभाजीनगर?" हरणाबाईनं विचारलं.

"ते लांब हाय. त्यात काय बघायचं?"

"बरं. सोलापूरला पोरींचं वसतिगृह बघितलं? प्रयोगशाळा? कुणा सरांना भेटला?"

"वैनी, तुमाला त्यातलं काय कळतंय?"

धुळाप्पाला खोटं कधी पचलं नाही. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आज रविवार न्हाय का. सुट्टी हुती. गेटावरनंच फिरलो आन् सिद्धम्माकडं जेवाय गेलो. मटण मातर झकास केलं हुतं."

हरणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि अजून एक गोष्ट बाकी होती, तीही धुळाप्पाच्याच तोंडून सुटली. सिद्धम्माच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं होतं, घरात हाताखाली कुणीतरी हवं होतं, आणि कोंडीरामनं बहिणीला शब्द देऊन टाकला होता. पोरगी कॉलेजला जाईल आणि आल्यावर भाकऱ्या थापील. म्हणजे हे दोघे विद्यापीठ बघायला नव्हे, मोलकरीण ठरवायला गेले होते!

"माझंबी असंच ठरवलं हुतं!" ती कडाडली तशी शेजारीण भिंतीवरून डोकावली. "माझ्या बापानं चार माणसं धाडली तुमचं घर बघायला. भर भाद्रपदात. आली, जेवली, म्हणली, हिरीला पाणी तुडुंब हाय, पोरगी सुखात ऱ्हाईल. फाल्गुनात हीर कोरडी ठाक! जन्मभर डोईवर पाणी वाह्यलं म्या. त्या चौघांतल्या एकानं तरी एक हंडा उचलला का?"

"हिरीचा हितं काय संबंध?" कोंडीराम म्हणाला. त्याला संबंध कळला असता तर तो कोंडीराम कसला!

सोमवारी उजाडायला हरणाबाईनं नवऱ्याला सांगितलं, "चूल तुमची, कोकरं तुमची." पोरीला घेतलं आणि एसटीत बसली. आधी संभाजीनगर. तिथं दिलेल्या तामलवाडीच्याच एका लेकीकडे मुक्काम केला. माघारी येताना तामलवाडीच्या फाट्यावर उतरल्यासुद्धा नाहीत, थेट सोलापूर गाठलं.

दोन्हीकडे ती गेटाजवळच्या झाडाखाली बसून राहिली. प्रतीक्षा म्हणाली, "आये, चल की आत."

"म्या काय बघू? मला खरंच कळत न्हाय त्यातलं. शिकायचं तुला हाय, तू बघ. पर वरचं पाणी बघून येऊ नको. तळ बघ."

सोलापूरला पोरगी आत गेली ती लवकर आलीच नाही. आली तेव्हा चेहरा फुललेला. "आये, सोलापूरच घेते. मला जे शिकायचंय त्यावरच इथल्या मॅडम काम करत्यात. प्रयोगशाळेत नेऊन सगळं दाखवलं त्यांनी."

हरणाबाईला संताप आला. तिनं मनात संभाजीनगर पक्कं केलं होतं. नाव मोठं, आणि सिद्धम्माच्या चुलीपासून लांब. आता कोंडीराम मिशीवर ताव देणार! तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. बोललं तर आपल्यात आणि त्याच्यात फरक काय, या विचारानं तिला स्वतःचाच राग आला.

घरी आल्यावर व्हायचं तेच झालं. कोंडीराम मांडीवर थाप मारून हसला. "फिरून फिरून भोपळे चौक! म्या म्हणलं तेच झालं का न्हाय? सिद्धम्माला फोन करतो, खोली झाडून ठेव म्हणतो."

"नको काका," प्रतीक्षा म्हणाली. "मी वसतिगृहात राहणार. आत जाऊन बघून आलेय. आत्याला सांगा, कामाला बाई बघ."

कोंडीरामचं हसू मावळलं. त्यानं भावाकडे पाहिलं. भाऊ कोकराच्या कानातले गोचीड काढण्यात गुंतला होता. मग तो हरणाबाईकडे वळला. "वैनी, शब्द दिलाय म्या. तुमी तरी समजवा की हिला."

हरणाबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"मला काय कळतंय त्यातलं, भावजी?"