आरशाचं गणित

बारावीत मी आणि माझा मित्र दोघेही फिजिक्समध्ये नापास झालो. फेरपरीक्षेसाठी सौदा मीच ठरवला. मी मित्राला सर्किटची गणितं शिकवायची आणि त्याने मला आरशांची. तो कोराडीहून बसने माझ्या खोलीवर यायचा.

जुन्या पेपरमधलं अंतर्गोल आरशाचं गणित सोडवताना तो म्हणाला, "फोकसचं अंतर मायनस घे गा."

"अंतर कधी मायनस असते काय? तू कोराडीहून मायनस किलोमीटर आला काय?" असं म्हणून मी वही भिरकावली. त्याने ती उचलली आणि पुढचं गणित घेतलं.

परीक्षेत नेमकं तसंच गणित आलं आणि मी फोकसचं अंतर प्लसच घेतलं. मी शिकवलेल्या सर्किटवर तो पास झाला. मी दोन मार्कांनी राहिलो आणि माझं शिक्षण तिथेच सुटलं.

"मले पुन्हा काहून नाही सांगतलं?" मी भांडलो.

"सांगतलं होतं. तू वही फेकली."

आज मी भिवापुरी मिरचीचा व्यापार करतो. माझा पहिला नकार कोणताही शेतकरी खरा मानत नाही, तो पुन्हा भाव सांगतोच. मित्राने मात्र एका नकारातच माघार घेतली. तो राग अजून गेलेला नाही.