छोट्या कीबोर्डावर पंचफुलाबाईंचा शेरा

निलंग्याच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याचे सात गाळे आहेत. त्यातल्या तिसऱ्यात पंचफुलाबाई सूर्यवंशी एकोणतीस वर्षं टायपिंग करतात. प्रतिज्ञापत्र असो, वारसाचा अर्ज असो की वाटणीपत्र, बाई आधी कागदाकडे बघतात, मग माणसाकडे आणि पुन्हा कागदाकडे. माणूस काहीतरी लपवतोय हे तहसीलदारांच्या आधी त्यांना कळतं, असा त्यांचा दावा आहे. फुकट आलेल्या वस्तूवर तर त्यांचा काडीचाही भरवसा नाही.

म्हणून लातूरच्या एसटीनं भाचीचा खोका आला, तेव्हा बाईंनी तो दोन दिवस फोडलाच नाही. भाची समीक्षा लातूरला एका कंपनीत इंजिनिअर होती आणि सुट्टीच्या दिवशी हौसेनं कीबोर्ड बनवायची. एकेक बटण, स्प्रिंग, तारा निवडून स्वतः सोल्डरिंगचा डाग देऊन जोडायची. खोक्यात चिठ्ठी होती : "आत्या, हा खास तुझ्यासाठी बनवला. आठ दिवस वापर आणि खरंखरं मत लिहून कळव. गोड लिहू नको."

"खास माझ्यासाठी म्हणं," बाई पुटपुटल्या.

संशयाला कारण होतं. दोन वर्षांपासून त्यांचं उजवं मनगट दुखत होतं. सकाळी तवा उचलवत नव्हता. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती, धाकट्या भावाला, म्हणजे समीक्षाच्या बापाला, तर मुळीच नाही. आनंदराज आधीच मागे लागला होता : नवरा गेला, मूलबाळ नाही, कशाला खडखड करत बसायचं, गाळा सोड आणि लातूरला आमच्यात ये. हात गेल्याचं कळलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आला असता. भाऊ वाईट नव्हता. पण गाळ्यात त्यांना माणसं 'सूर्यवंशी मॅडम' म्हणत. लातूरला गेलं की त्या फक्त कोपऱ्यातल्या खोलीतली आत्या उरल्या असत्या. याची बाईंना मनापासून भीती वाटायची.

त्यात दिवाळीनंतर ही समीक्षा अचानक येऊन अख्खा दिवस गाळ्यात बसून गेली होती. मांडीवर वही. बाईंच्या बोटांकडे बघायची आणि काहीतरी लिहायची. विचारलं तर म्हणाली, "काही नाही आत्या, सहज." सहज कोणी वही भरत नाही. आपल्या चुका मोजून ही बापाला जाऊन सांगणार, हे बाईंनी त्याच दिवशी ओळखलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खोका फोडला. हातभर कीबोर्डाऐवजी वीतभर डबा निघाला आणि त्याचं वजन मात्र पाट्यासारखं. बटणांवर एकही अक्षर नाही. शेजारच्या गाळ्यातले मडिवाळप्पा टायपिस्ट लगेच डोकावले.

"अक्का, येवढुसं हाय आन् येवढं जड? आत काय तरी बसवलंय बघा. तुमी हितं मारलं की लातूरला दिसत असंल."

बाईंनी वरवर त्यांना उडवून लावलं. पण त्या दुपारी उजेड गावच्या पाटलांचं वाटणीपत्र आलं, तेव्हा हळूच वायर काढून जुना कीबोर्ड लावला.

खरी खोट मात्र पुढच्या दिवशी सापडली. बाईंचा मराठी फॉन्ट जुना. त्यात काही जोडाक्षरं कुठल्याच बटणावर नाहीत. डाव्या हातानं ऑल्ट दाबून धरायचं आणि उजवा हात लांब नेऊन, कडेच्या आकड्यांच्या चौकोनातून चार आकडे मारायचे, तेव्हा एक 'क्त' उमटतो. दिवसातून दोनशे वेळा उजवा हात तिकडे पळायचा. आणि या नव्या डब्याला तो चौकोनच नव्हता! 'उपरोक्त'शिवाय तहसिलीत कागद हलत नाही आणि 'फक्त' लिहिल्याशिवाय रक्कम पुरी होत नाही.

बाईंना सगळा डाव दिसला. आपल्याला जमू नये म्हणूनच हे पाठवलंय. आपण हरलो म्हणायचं आणि बापलेकीनं टेम्पो धाडायचा. त्यांनी रागारागात फोन लावला.

"समे, तुझ्या डब्यात क्त कुठं हाय? का मुद्दाम ठिवला न्हाईस?"

"आत्या, डाव्या अंगठ्याखालचं लाल बटण दाबून धर. आणि डाव्याच हाताच्या पहिल्या बोटानं शेजारचं दाब. उजवा हात मांडीवर राहू दे."

बाईंनी दाबलं. 'क्त' उमटला. त्यांनी फोन ठेवला. मग एकेक करून अकरा जोडाक्षरं तपासली. सगळी डाव्या हाताखाली होती. उजव्या हाताला कुठं जायचंच नव्हतं.

पण मग संशय आणखी वाढला. आपला उजवाच हात दुखतो, हे हिला कोणी सांगितलं? आणि हिला कळलंय म्हणजे आनंदराजलाही कळलंच असणार. आठ दिवस बाई टेम्पोची वाट बघत टाइप करत राहिल्या.

आठव्या दिवशी भावाचा फोन आला. 

"ताई, एक सांगतो, राग धरू नको. दिवाळीनंतर पोरीला मीच धाडलं होतं. तुझा हात धड चालतोय का बघून ये म्हणलं."

"मंग? काय म्हणली?"

"म्हणली, पप्पा, आत्याचा हात माझ्यापेक्षा भारी चालतोय, तिला लातूरला आणायचं डोक्यातून काढा. म्हणून मी आता नाव घेणार न्हाई बघ. बस तू तितंच."

बाईंनी फोन ठेवला. समीक्षा गाळ्यात बसली होती त्या दिवशी प्रत्येक पानानंतर त्यांनी टेबलाखाली मनगट दाबून धरलं होतं. कोणाला दिसत नाही, अशी त्यांची खात्री होती.

संध्याकाळी गिऱ्हाईक संपल्यावर त्यांनी कोरा कागद घेतला आणि छोट्या कीबोर्डावरच शेरा लिहिला :

"वस्तू आठ दिवस वापरली. वजन विनाकारण जास्त आहे. बटणांवर अक्षरं नसल्यानं गिऱ्हाईक बिचकतं. जमिनीच्या पट्ट्यातला 'ट्ट' दिलेला नाही, इथं पेनानं भरला आहे. तू येऊन बसलीस त्या दिवशी एकही पट्टा आला नव्हता, म्हणून तुझ्या वहीत राहून गेला असेल. तो बसवून द्यावा. उपरोक्त वस्तू परत मिळणार नाही."

एवढं लिहून त्या थांबल्या. मडिवाळप्पा गाळ्याला कुलूप लावून गेल्याची खात्री करून घेतली. मग दोन वर्षांत कोणालाच न सांगितलेली गोष्ट शेवटच्या ओळीत टाइप केली : "हात आता कमी दुखतो."