पोट आलेली भिंत

म्हादबा गवंडी कुठल्याही भिंतीला आधी गाल लावायचा. एक डोळा मिटून कडेनं नजर टाकायचा आणि मगच ओळंबा सोडायचा. "दोरी खोटं बोलत न्हाई, पर उशिरा बोलती," म्हणायचा. माणूस चाकणकडचा. पिंपरीला कारखान्याच्या भिंती उठू लागल्या तेव्हा बायकोला घेऊन आमच्या पवनाकाठच्या गावात येऊन राहिला.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. पंचविशीचा, आणि शब्दांचा भारी माज! एकदा सातवीला आरसे शिकवताना फळ्यावर 'बहिर्वक्र' लिहिलं आणि फोड केली. बहिस् म्हणजे बाहेर, वक्र म्हणजे वाकडं. बाहेरच्या अंगाला वळलेलं ते बहिर्वक्र, शब्द संस्कृतातला. म्हादबा वर कौलं चाळत होता. उतरल्यावर म्हणाला, "गुरुजी, त्ये तुमचं बहिर का काय, मागच्या भितीला हाय बगा. आमी पोट आलं म्हनतो."

"मग अर्थ तोच की," मी हसलो.

"न्हाई गुरुजी. तुमचा शबूद नुसतं वाकलंय म्हनतो. कुनी ढकाललं त्ये सांगत न्हाई." त्यानं माझा हात धरून भिंतीवर ठेवला. दगडमातीची दुहेरी भिंत. मधल्या भरीत पाणी मुरून माती फुगली होती आणि तिनं बाहेरचे दगड रेटले होते. "उतरवाय पायजे. पंधरा-वीस दिसांचं काम हाय."

पण आठवड्यावर शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार होते, आणि माझं कायम होणं त्यांच्या शेऱ्यावर होतं. पडकी भिंत त्यांना दाखवू? मी म्हणालो, "आत्ता गिलावा देऊन सरळ दिसेल असं करा. बाकीचं नंतर बघू."

"दिसंल सरळ. व्हनार न्हाई. उलट वजन वाढंल."

"शाळा तुम्ही चालवता की मी?" हे माझेच शब्द. लिहितानाही लाज वाटते.

त्यानं मुकाट्यानं केलं. पोटाच्या वर-खाली जाड थर देऊन भिंत सपाट केली, चुना फासला. शनिवारी साहेब आले, 'इमारत सुस्थितीत' असा शेरा मारून गेले. मी घरोघर पेढे वाटले. म्हादबानं पेढा घेतला नाही.

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेवढ्यात धाडकन आवाज आला. धावत गेलो तर मागच्या बाजूला नुसता धुरळा. म्हादबा एकटाच लाकडाचे टेकू द्यायला आला होता. सगळ्या गावानं हातांनी दगड उपसले. वर काढला तेव्हा तो गेलेला होता.

"रातीला जेवले न्हाईत," त्याची बायको सगुणाबाई म्हणाली. "म्हनले, सोमवारी पोरं बसत्याल त्या भितीखाली."

पंचनामा लिहायला पाटलांनी मलाच बसवलं. जमलेल्यांत कुजबूज चालली होती, गवंड्याचं कामच कच्चं म्हणून. सगुणाबाई सगळं ऐकत होती. माझ्या एका ओळीनं ते थांबलं असतं. मी लिहिलं, 'भिंत बहिर्वक्र होऊन कोसळली.' मेल्या माणसाच्या नावापेक्षा मला नोकरी प्यारी झाली.

पाटलांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. सगुणाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "त्ये बहिर म्हंजी काय वो, गुरुजी?"

"पोट आलं होतं भिंतीला."

"व्हय. त्येनी सांगितलं व्हतं की तुमास्नी."

पाटलांनी कागद फिरवला आणि एकेक जण सही करत गेला. मीही केली.