थुटाचा कागद

धानोऱ्याकडच्या जंगलात वनरक्षक म्हणून लागले तेव्हापासून माझी एक सवय. झाड चोरीला गेलं की जमिनीत उरलेल्या थुटावर, बुंध्याच्या खुंटावर, जुना पेपर अंथरायचा आणि वरून कोळसा घासायचा. घेर, भेगा, पोकळी, सगळं कागदावर उतरतं. सोबतचे हसायचे, "मॅडम, झाडाचा फोटो काढून राह्यल्या का?" हसा म्हटलं, बापा! मोबाईल फुटतो, कागद पेटीत राहतो.

त्या वर्षी माझ्या बीटातला, म्हणजे माझ्या राखणीतल्या जंगलातला, एक जुना साग गेला. थुटाच्या मधोमध मूठ जाईल एवढी पोकळी होती. मी कागद घेतला. चार दिवसांनी आमच्या क्षेत्रसहायक साहेबांनी, म्हणजे माझ्या थेट वरच्या अधिकाऱ्यांनी, गावातल्या एका म्हाताऱ्या भाऊच्या गोठ्यामागून सागाचा लठ्ठा, म्हणजे ओंडका, जप्त केला आणि भाऊला पकडलं. खरं झाड कोणाच्या ट्रकात गेलं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण बोलणार कोण? मी नोकरीवर नवी असताना याच भाऊनं मला बीटाची हद्द पायी फिरून दाखवली होती. जप्तीचा लठ्ठा मी निरखून पाहिला. मधोमध भरीव, पोकळीचं नाव नाही. सुटला भाऊ, मी मनात म्हटलं. कागद आणि लठ्ठा शेजारी ठेवला की काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन खात्याच्या लाकूड डेपोत गेले, तर लठ्ठ्याचा बुडाकडचा हातभर भाग कापलेला. खाली ताजा भुसा. तुकडा कुठेच नाही. आता कोणीही म्हणणार, पोकळी त्या तुकड्यात होती.

"साहेब, हे कोणी कापलं?"

"मीच. हातोडा नीट उमटत नव्हता." हातोडा म्हणजे जप्तीच्या लाकडावर मारतात तो सरकारी शिक्का. "काऊन, काही अडचण?"

अडचण म्हणे! माझं डोकं भणाणलं. प्रशिक्षणात आमच्याकडून घोकून घेतलं होतं, पुरावा कोणी नाहीसा केल्याचा संशय आला तर सरकारी नोकरानं कळवलंच पाहिजे, गप्प बसला तर तोही गुन्हेगार. मी तिथेच बसून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना अहवाल लिहिला. आणि मग जे केलं ते सरकारी माणूसच करू जाणे. त्यांच्या नावाखाली हातानं आपोआप लिहिलं, 'मार्फत, क्षेत्रसहायक'. आमच्याकडे रजेचा अर्जसुद्धा तसाच जातो ना! तो अहवाल मी नेऊन त्याच साहेबांच्या हातात दिला. त्यांनी शांतपणे वाचला, माझ्या प्रतीवर 'मिळाला' असा शिक्का मारला आणि मूळ कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

"पाठवतो," म्हणाले.

आठवड्यात त्या थुटावर कोणीतरी पालापाचोळा रचून ते जाळलं. मी धावत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे गेले. ते म्हणाले, अहवाल मार्फत येऊ द्या. वर मलाच नोटीस, मार्ग डावलून आल्याची. क्षेत्रसहायक मात्र गोड बोलायचे. "मॅडम, आता कोर्टात तोंड उघडलं तर पहिला प्रश्न तुम्हालेच. इतके दिवस गप्प काऊन होत्या?" बोलले तरी फसले, नाही बोलले तरी फसले. पेटी उघडायची, कागद पाहायचा, पेटी लावायची. स्वतःचीच चीड यायची मला.

भाऊ दोन महिन्यांनी जामिनावर सुटला. कोर्टाच्या तारखेला गडचिरोलीला जाताना बसस्टँडवर भेटायचा. "जेवली का बाई?" विचारायचा. मी मान हलवायची आणि बसची पाटी वाचत राहायची.

शेवटी माझी साक्ष लागली, सरकारच्या बाजूनं, म्हणजे भाऊच्या विरोधात. सरकारी वकिलांनी विचारलं, "हा लठ्ठा त्याच थुटाचा आहे ना?" मी पिशवीतून कागद काढला. म्हटलं, "नाही." मग सगळंच सांगितलं. कापलेलं बूड, भुसा, ड्रॉवर. न्यायाधीशांनी विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"जप्तीच्या दुसऱ्या दिवसापासून. वर्ष झालं, साहेब."

मी बाहेर आले. कागद कोर्टानं ठेवून घेतला होता. भाऊचे वकील म्हणाले, आता ही केस काही टिकत नाही. मला वाटलं, भाऊ हसेल, काहीतरी चांगलं बोलेल. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"म्हंजे बाई, तुले तवापासूनच मालूम होतं?"

"हो भाऊ."

"मी जेलात होतो तवाबी? बसस्टँडवर तुले जेवली का म्हणून पुसत होतो, तवाबी?"

"तेव्हाही," मी म्हटलं.

धानोऱ्याची बस लागली होती. भाऊ चढला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. शेजारची जागा रिकामी होती. मी मागे उभी राहिले, धानोरा येईपर्यंत.