दोनवर आणि चारवर

"आल्झो, चला, एक वाजला!" घड्याळाच्या काचेवर दोन बोटं आपटत आमच्या इमारतीचे हाउसमाइस्टर जिन्यातून ओरडायचे. दुपारी एक ते तीन शांतता. त्या वेळात कोणी भिंतीत खिळा ठोकला तर त्याची खैर नसे. इमारतीची देखभाल करणारा असा एखादा जमदग्नी तुमच्याही वाट्याला आला असेल.

मी तेव्हा जर्मनीत ड्रेस्डेनला पीएचडी करत होतो. एकदा तळघरात सायकल ठेवायला गेलो, तर त्यांच्या खोलीत भिंतीवर गिटार! हे गृहस्थ तरुणपणी शहरात रॉक अँड रोल वाजवणाऱ्या पहिल्या काही पोरांपैकी. पुढे तेव्हाच्या पूर्व जर्मन सरकारने वाजवण्याचा परवानाच काढून घेतला.

"आवाजामुळे नाही," ते म्हणाले, "लोक नाचायला लागले म्हणून."

"आणि आता तुम्हीच आम्हाला गप्प बसवता?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! एक ते तीन गप्प बसलं, की तीननंतर कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही."

हाताला कंप सुटल्यापासून मात्र त्यांनी गिटार खाली काढली नव्हती. एकदा वाजवून बघायचं त्यांच्या फार मनात होतं, पण धीर होत नव्हता.

त्या वर्षी गणपतीला मोदकांनी घात केला. ते वळता वळता आरतीला सव्वा वाजला. आम्ही दहा जण कुजबुजत आरती म्हणत होतो. ती बाप्पालाही ऐकू गेली नसेल. तेवढ्यात दारात हे हजर!

"ही काय प्रार्थना झाली? तीनला पुन्हा करा, मोठ्याने. मी येतो."

तीनच्या ठोक्याला ते आले. इस्त्रीचा शर्ट, हातात गिटार. आरती सुरू झाली, पण त्यांची बोटं तारांवर नुसती थरथरत राहिली. "अरे, थांबूया का?" बायको माझ्या कानात म्हणाली. मलाही बघवेना.

त्यांनी गिटार खाली ठेवली आणि ते टाळ्या वाजवायला लागले. चार मात्रांत आमची टाळी एकवर पडायची, त्यांची रॉक अँड रोलसारखी दोनवर आणि चारवर. एक कडवं नुसता गोंधळ झाला. मग एकेक जण त्यांच्या तालावर गेला आणि बघता बघता सगळ्यांचे पाय हलायला लागले.

"बघा, नाचताय!" ते ओरडले. नंतर पाच मोदक खाऊन म्हणाले, "बोटं गेली, पण ताल आहे."

आम्ही पुण्याला परतलो आणि दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं. त्या गणपतीत आई आरती म्हणता म्हणता आमच्याकडे वळून म्हणाली, "टाळ्या उलट्या काय वाजवताय रे दोघं?" आरती मध्येच कशी थांबवणार? आम्ही तशाच वाजवत राहिलो. दुसऱ्या कडव्याला पाहिलं, तर आईचीही टाळी दोनवर पडत होती.