टोरांटोहून सोनगीरला किती तास

सोनगीरच्या फाट्यावर मुंबईची बस येईपर्यंत नाना, माझे वडील, माझ्याशी फक्त अंतराबद्दल बोलले. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. त्यांना किलोमीटर सांगून चालत नसे, तास सांगावे लागत. मुंबई ते टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, असं मी म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "तुले येवाले कितला येळ लागी?" मी म्हणालो, मधला थांबा धरून एक दिवस, फार तर दीड. तेवढ्यात येता येत असेल तर पोरगा काही लांब नाही, असं त्यांनी नंतर गावभर सांगितलं म्हणे. हे मला अक्काकडून कळलं. अक्का माझी थोरली बहीण, शिरपूरला दिलेली. आई आधीच गेली होती. नानांचं दुखलंखुपलं तीच बघायची.

टोरांटोत आठ वर्षं झाली. आधी वेअरहाऊसमधल्या शिफ्ट, मग ऑफिस, मग पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना. यंदा जानेवारीत अक्काने कळवलं, नानांना चार पावलं चाललं की धाप लागते, एकदा येऊन जा. मी तिकिटं पाहिली, रजा पाहिली आणि दिवाळीत येतो म्हणालो. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत, त्यांनीही हे वाक्य कधीतरी म्हटलं असेल.

वैशाखात नाना गेले. मी येईपर्यंत थांबा, असं मी फोनवर म्हणालो. घरच्यांनी नानांना ठेवायला धुळ्याहून बर्फ आणला. पण माझं पहिलं विमान उशिरा उतरलं आणि मधल्या विमानतळावरून पुढचं निघून गेलं होतं. नंतरचं चौदा तासांनी. काउंटरवरच्या बाईला काय झालंय ते सांगितलं; तिने मनापासून सॉरी म्हटलं आणि जेवणाचं कुपन दिलं.

तेवढ्यात अक्काचा फोन आला. उन्हापुढे बर्फ टिकत नव्हता, सगळे येऊन बसले होते.

"बठ्ठा ईसन बसेल शेतस," ती म्हणाली. "नानाले आखो कितला येळ ठेवूत? तू सांग."

"थांबू नका," मी म्हणालो. "अग्नी तू दे, अक्का."

तिने फोन ठेवला. वडीलधाऱ्यांनी चुलतभावाचं नाव पुढे केलं होतं, ते तिने ऐकलं नाही. ती मडकं घेऊन निघाली तेव्हा मी तपासणीच्या रांगेत बूट काढत होतो.

दुसऱ्या दिवशी पोचलो. अक्काने पाणी दिलं, जेवलास का विचारलं. तेव्हाच ये म्हटलं होतं, असं तिने आजवर ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तेराव्यानंतर घराला कुलूप तिने लावलं. "आते तू शिरपूरलेच येत जाय," एवढंच म्हणाली.

इथे टोरांटोत कुणी गाव विचारलं की तोंडातून अजून सोनगीरच निघतं. पण तिथे माझी वाट बघणारं आता कुणी नाही. शिरपूरला मात्र एक बाई आहे, जिने माझ्या वाट्याचं केलं आणि तरीही मला ये म्हणते. माझं घर म्हणजे आता तीच.